दह्याचा डबा घेऊन बंदराला

आणे गावचे गेनभाऊ कुठल्याही महत्त्वाच्या ठिकाणी पहिल्यांदा म्हणून कधी जात नाहीत. आधी ते रंगीत तालीम करून येतात.

मुलाची, म्हणजे संदीपची, दहावीची परीक्षा होती तेव्हा गेनभाऊ आधी तीनदा केंद्रावर जाऊन आले. तिसऱ्या खेपेला तर वर्गात शिरून बाकावर बसले. शिपायानं हटकलं तर त्यालाच म्हणाले, "बाक डुगडुगतोय. पुठ्ठ्याची घडी घाला खाली." डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आठवडाभर आधी दवाखान्यात जाऊन खाटेवर आडवे झाले. नर्सबाई म्हणाली, "पेशंट कुठाय?" हे पडल्या पडल्या म्हणतात, "पुढच्या बुधवारी येणार हाय." आता बोला!

कुणी हसलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं. "आधी पाट बघावा, मंग पाणी सोडावं." कांद्याला पाणी देणारा माणूस, उंदरानं पाट कुठं पोखरलाय ते न बघता मोटर चालू केली की काय होतं, हे त्यांना ठाऊक. पण दवाखान्यातल्या खाटेला उंदीर कुठून पोखरणार, हे विचारायची सोय नाही. सहा फूट उंची, गलमिश्या आणि आवाज असा की बेल्ह्यात हाक मारली तर आण्यात ऐकू यावी.

माझं दुकान आळेफाट्यावर, स्टँडच्या तोंडाशी. आजोबा राजस्थानातून इथं आले आणि फाटा बघून थांबले. चार दिशांचे चार रस्ते, माणूस कुठंही जायचा असो, इथं उतरणार आणि काहीतरी घेणार. आता मारवाडी मी फक्त बायकोशी भांडताना बोलतो. एरवी मी फाट्याचा शेठ. गेनभाऊ तीस वर्षांचं गिऱ्हाईक. प्रवासाला निघाले की आवळासुपारी, लिंबाच्या गोळ्या आणि चार रिकाम्या पिशव्या. कारण या एवढ्या मोठ्या माणसाला गाडी लागते. एसटी लागते, जीप लागते, मोटार तर बघूनच लागते. हे फाट्यावर सगळ्यांना माहीत. लग्नाचं आमंत्रण द्यायला कुणी आलं की ते आधीच हात जोडत. "येतो म्हणलो असतो पावणं, पर मला गाडी लागती. आन् मी न्हाई म्हणल्यावर ही एकटी कुठं येणार?" ही म्हणजे हौसावहिनी. त्या बिचाऱ्या मागं उभ्या राहून पदर सावरत. नवऱ्याच्या पोटापायी या बाईला सख्ख्या बहिणीचं लग्न बघता आलं नाही, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे, उगाच खोटं कशाला बोलू?

क्वचित दवाखान्यासाठी एसटी धरली तर तेवढंच, एरवी वहिनी फार तर फाट्यापर्यंत येत, तेही गेनभाऊंच्या मोटारसायकलवर मागं बसून. पण दुसऱ्यांना वाटेला लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांच्या घरातून माणूस कुठंही निघो, परीक्षेला, कोर्टात, बैल घेऊन बाजाराला, उंबऱ्यात वहिनी दह्याची वाटी घेऊन उभ्या. तळहातावर दही-साखर ठेवल्याशिवाय पाऊल बाहेर टाकू देणार नाहीत. माझ्याही हातावर पाच-सहा वेळा ठेवलंय. मी नुसता घरी, म्हणजे फाट्यावर परत निघालो होतो. पण नियम म्हणजे नियम.

तर या वहिनींनी एके दिवशी टीव्हीवर समुद्रातली ती मोठी बोट बघितली. दहा-बारा मजल्यांची, दिव्यांनी लखलखलेली. जेवता जेवता एवढंच म्हणाल्या, "एवढं वझं पाण्यावर ऱ्हातं कसं? एकदा बघाया पायजे." चाळीस वर्षांच्या संसारात वहिनींनी 'पायजे' म्हणून मागितलेली ही पहिलीच वस्तू असावी. दुसऱ्या दिवशी गेनभाऊंनी फाट्यावर येऊन माझ्या दुकानातून संदीपला फोन लावला. "मुंबईहून गोव्याला बोट जाती. दोन तिकिटं काढ. मी आन् तुझी आई."

संदीप चाकणला कंपनीत आहे. पोरगा गुणी. त्यानं तिकिटं काढली आणि वर म्हणाला, "मी कार घेऊन येतो. दारातून उचलतो आणि बंदराच्या दारात सोडतो. तुमची सूनबाई पण येईल."

"मोटारीत बसणार न्हाई," गेनभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

झालं! संदीपनं मला फोन केला. "काका, तुम्ही तरी समजवा. त्यांना गाडी लागते म्हणूनच तर कार म्हणतोय ना मी!" मी समजावलं. गेनभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेठ, बोट सुटती सोळा तारखेला. आपल्याकडं तीन आठवडे हायेत. पाट बघू."

पुढच्या मंगळवारी सकाळी गेनभाऊ दुकानासमोर उभे. हातात कडीचा स्टीलचा डबा. म्हटलं, दूध घालायला निघालात की काय? त्यांनी झाकण उघडून दाखवलं. आत रात्री विरजलेलं कवडीचं दही, सुरीनं कापावं असं घट्ट.

"हे कुठं?"

"कल्याणला."

"कुणाला द्यायचंय?"

"कुणाला न्हाई. जाणार आन् येणार."

माळशेज घाटातून जाणाऱ्या गाडीत डबा मांडीवर घेऊन ते बसले. तिन्हीसांजेला परत आले. झाकण उघडलं तर आत ताक. वर पाणी, खाली गोळे. "घाटाच्या अलीकडं, वेळखरे गावापर्यंत ब्येस व्हतं," ते गंभीरपणे म्हणाले. "घाटात मोडलं. ही वाट बाद." मग माझ्याकडचे दोन वडापाव खाऊन आण्याला गेले.

आता कुणीही शहाणा म्हणेल, की ज्याला गाडी लागते तो माणूस माळशेज दोनदा ओलांडून येतो आणि उतरल्या उतरल्या वडापाव कसा खातो? पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी आपला पैसे सुटे देत होतो.

त्या तीन आठवड्यांत तो डबा फाट्यावर गाजला. पुण्याच्या गाडीत गेनभाऊंनी एकेक शीट तपासली. चाकावरच्या शीटवर दही चाकणच्या आत मोडलं. शेवटच्या बाकड्यावर तर झाकण उडून पुढच्या माणसाच्या टोपीवर गेलं. ड्रायव्हरच्या मागची तिसरी शीट, खिडकीची बाजू, तिथं दही पुण्यापर्यंत जागचं हललं नाही. मग पुण्याहून रेल्वे. आमच्या तालुक्यात रूळ नाही, येणार येणार म्हणून आमची पिढी म्हातारी झाली. पण गेनभाऊ रेल्वेवर एकदम खूश. "शेठ, काय सांगू! खंडाळ्याचा घाट आला आन् गेला, दह्याला पत्ता न्हाई." बंदराच्या फाटकापर्यंत जाऊन, तिथल्या शिपायाला राम राम घालून ते परत आले. कंडक्टर त्यांना 'दहीवाले' म्हणायला लागले. एका नव्या कंडक्टरनं विचारलं, "भाऊ, मुंबईला दही मिळत नाही का?" हे म्हणाले, "मिळतं. पर ते बसून असतं. हे प्रवास करतंय."

संदीपची मोटारही त्यांनी सोडली नाही. पोराला रविवारी बोलावून नारायणगावापर्यंत फिरवून आणलं. दही शाबूत. संदीप जिंकल्यासारखा हसला. गेनभाऊ म्हणाले, "दही ऱ्हायलं. पर काचा बंद, आत अत्तराची बाटली टांगलेली. आन् मोटारीत मधीच उतरायचं म्हणलं तर समदी उतरत्यात. समदी इचारत्यात, काय झालं, काय झालं. एसटीत कोण कुणाचं?" मला यातलं अक्षर कळलं नाही. संदीप रागानं चाकणला निघून गेला. जाताना मला म्हणाला, "काका, निदान तुम्ही तरी सोबत जा. बंदरापर्यंत. माझी शपथ आहे."

म्हणून सोळा तारखेला सकाळी, दुकान भाच्यावर टाकून, मी त्या वरातीत सामील झालो. हौसावहिनी नवं नऊवार नेसून मोटारसायकलवरून उतरल्या. चेहरा परीक्षेला बसवल्यासारखा. गेनभाऊंच्या एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात, अर्थातच, डबा.

"आज कशाला?" मी म्हणालो. "तालीम झाली ना?"

"असू द्या."

गाडी स्टँडात शिरत होती तोच त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खिडकीतून फेकली. बरोबर तिसऱ्या शीटवर. या फेकीचीही तालीम झाली असणार. वहिनी खिडकीला, गेनभाऊ शेजारी, मी मागच्या शीटवर. नारायणगाव गेलं, मंचर गेलं. वहिनी डोळे मिटून, तोंडात आवळासुपारी धरून बसल्या होत्या. मला वाटलं, झोप लागली असेल.

खेडच्या पुढं रस्त्याचं काम काढलेलं. गाडी खाली मातीत उतरली आणि सुपातल्या दाण्यासारखे आम्ही वर उडायला लागलो. दोन शीटांच्या फटीतून मला दिसलं, वहिनींचा चेहरा पांढराफटक पडलाय. त्या एकदम पुढं वाकल्या. गेनभाऊंच्या हातात पिशवी तयारच होती. आणि मग जे झालं ते मी या डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो. वहिनींचं उरकतंय तोच गेनभाऊंनी ती पिशवी आपल्याकडं ओढली, तोंडाशी धरली आणि असा काही आवाज काढला की ड्रायव्हरनं आरशात बघितलं. सगळी गाडी वळली.

"माफ करा मंडळी," उपरण्यानं मिश्या पुसत ते उभे राहून म्हणाले. "ल्हानपणापासून हाय. गाडी लागती मला."

"एवढ्या मिश्या आन् हे असं, काय राव!" मागून कुणीतरी म्हणालं. गाडी हसली. कॉलेजच्या एका पोरीनं नाकाला रुमाल लावला. एका म्हातारीनं दया येऊन त्यांना लिंबू दिलं. गेनभाऊंनी ते सगळ्यांसमोर हुंगलं आणि खाली बसल्यावर गुपचूप वहिनींच्या मुठीत सरकवलं.

मी मागं बसून होतो. तीस वर्षं माझ्या दुकानातली आवळासुपारी कुणाच्या तोंडात जात होती, ते मला तेव्हा कळलं. स्वतःच्या अकलेची एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गेनभाऊंनी घंटीची दोरी ओढायला लावून गाडी थांबवली. आम्ही उतरलो. समोर चिंचेचं झाड, झाडाखाली चहाची टपरी, टपरीला पाण्याचा नळ. हेही आधी बघून ठेवलेलं. वहिनींनी तोंड धुतलं आणि दगडावर बसल्या.

"माघारी चला," त्या म्हणाल्या. "मला न्हाई जमायचं. बहिणीच्या लग्नाला बी असंच बेल्ह्यातून फिरलो व्हतो. उगा तुमचा पैका गेला. चला माघारी."

गेनभाऊ चहाची बशी फुंकत होते. घाई नाही, राग नाही. "चल की," ते म्हणाले. "पर माघारीची गाडी त्या अंगाला मिळती. हा समदा रस्ता वलांडाया लागंल. पुण्याची इथंच थांबती."

वहिनींनी रस्त्याकडं बघितलं. ट्रक, टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या, मधे उंच दुभाजक. माणूस काय, कोंबडी पलीकडं जायची नाही. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "मंग पुण्याचीच घ्या."

पुढची गाडी आली तेव्हा चढता चढता मला दिसलं, आमच्या मागं पन्नास पावलांवर रस्ता ओलांडायचा चांगला लोखंडी पूल होता. मी गेनभाऊंकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "वेळ होईल का हो?" मी विचारलं. म्हणाले, "दोन उतरण्या धरल्या व्हत्या. एकच झाली. तासभर शिल्लक हाय."

रेल्वेत मात्र वहिनी वेगळ्याच. खिडकीला नाक लावून बसल्या, चिवडा खाल्ला, बोगदा आला की लहान पोरीसारख्या हसल्या. मी गेनभाऊंना दाराशी नेलं.

"तीस वर्षं मला बनवलंत, भाऊ."

ते बाहेर बघत होते. "लग्नाची वरात जीपमधनं घाट चढत व्हती. हिला लागली. नव्या शालूवर झालं समदं. आमच्याकडच्या बायका हसल्या. महिनाभर हसल्या. पाणवठ्यावर गेली की वकाऱ्या काढून दावायच्या. ही घराभाईर पडंना. रडायची, पर मुकाट." त्यांनी दाराचा दांडा धरला. "पुढच्या खेपंला एसटीत झालं तवा मीच पिशवी धरली. म्हणलं, मला लागली. लोक मला हसले. मला हसले तर काय झिजतंय? मिश्या हायेत मला."

"संदीपला ठाऊक नाही?"

"न्हाई. सुनंला तर न्हाईच न्हाई. तिच्यापुढं हिची मान खाली जाया नगं. म्हणून मोटार नगं."

मी विचारलं, "अहो, पण बोट? बोट काय कमी हलते? तिची तालीम कुठं केलीत?"

गेनभाऊ पहिल्यांदाच अडखळले. "तिथं पाट न्हाई, शेठ. नुसतं पाणीच हाय."

"मग?"

"मंग काय. तिला बोट बघायचीय. पिशव्या घेतल्यात."

बंदराच्या फाटकाशी पोचलो तेव्हा खरंच पाऊण तास शिल्लक होता. बोट समोर उभी. टीव्हीवर दिसते त्याच्या दसपट. वहिनी मान वर करून मजले मोजत होत्या आणि सहाव्याशी चुकून पुन्हा पहिल्यापासून धरत होत्या. फाटकावरच्या शिपायानं गेनभाऊंना ओळखलं. "या दहीवाले! पण काका, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही हो."

"ठाऊक हाय. मागच्या खेपंला इचारलं व्हतं. भाईरच उरकायचंय."

त्यांनी बॅग खाली ठेवली आणि डबा उघडला. दही मातीच्या रस्त्यातसुद्धा कडेला जरासं सुटलं होतं, एवढंच. खिशातून साखरेची पुडी काढली. ती माझ्याच दुकानातली, कागदावरून ओळखली मी. बोटानं दह्याचा एक तुकडा काढला, वर साखर टाकली आणि म्हणाले, "हात कर."

वहिनी गोंधळल्या. सवयीनं बोलून गेल्या, "माझ्या हातावर कशाला? मी कुठं चालले—"

आणि तिथंच थांबल्या. बोटीकडं बघितलं. मग नवऱ्याकडं.

आयुष्यभर त्या बाईनं उभ्या गावाच्या हातावर दही ठेवलं होतं. तिच्या हातावर ठेवायची वेळ कुणावर आलीच नव्हती, कारण ती कुठं जातच नव्हती. तिनं हळूच उजवा हात पुढं केला, खाली डाव्याचा आधार दिला. गेनभाऊंनी दही ठेवलं. तिनं ते खाल्लं आणि पदर डोळ्यांना लावून तिथंच उभी राहिली. मीही रडलो. खोटं कशाला सांगू? शिपायाला आणि मला एकेक घास मिळाला. मग दोघं आत गेले. वहिनी पुढं, गेनभाऊ मागं, खांद्याला पिशव्यांची पिशवी.

मी रिकामा डबा घेऊन परत निघालो. पुण्याहून येताना तिसरी शीट खिडकीला मिळाली तर कंडक्टर म्हणतो, "आज तुमच्याकडं का डबा?" मी म्हणालो, "रेल्वेनं जा, बाबा. रेल्वेनं दही मोडत नाही." त्याला काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला. गोव्याहून. हौसावहिनी होत्या. आवाज खणखणीत.

"शेठ, लई भारी हाय वो! मी वरच्या मजल्यावर उभी ऱ्हाते, वारं लागतं, मला काय बी होत न्हाई. पर ह्यांचं काय सांगू! पहिल्या रातीपासनं आडवं पडल्यात. खरंच लागली वो ह्या खेपंला. समदं हलतंय म्हणत्यात. पिशव्या ह्यांनाच लागल्या."

"अरेरे! मग? लोक हसत असतील."

"हसू देते व्हय मी?" वहिनी म्हणाल्या. "पिशवी माझ्या हातात धरली आन् समद्यांना सांगितलं, मला लागती बोट म्हणून."

मागून गेनभाऊंचा क्षीण आवाज ऐकू आला. आवळासुपारी संपली का, असं काहीतरी विचारत होते. मी त्याच दिवशी पाव किलोची पुडी बांधून बाजूला काढून ठेवली.